११० डेसिबलने बोंबलतो, तरी कुणाला ऐकू येत नाही: सुपरसोनस नावाचा शिकारी नाकतोडा

नेहमीप्रमाणे हा एपिसोड लिहून काढलाय. ज्यांचा डेटा संपलाय, किंवा जे एसटीत बसलेत आणि इअरफोन घरी राहिलेत, त्यांच्यासाठी. बोलण्यातलं "म्हणजे काय ना" वगैरे जरा कमी केलंय, बाकी बहुतेक तसंच आहे.

एपिसोडच्या सुरुवातीला मी तीन बीप वाजवल्या होत्या. पहिली ८ हजार हर्ट्झची, ती सगळ्यांना ऐकू आली असेल. दुसरी १२ हजारांची, कानात टोचणारी. तिसरी १५ हजारांची. ती तुम्हाला ऐकू आली असेल, पण शेजारी आजोबा बसले असतील तर त्यांना विचारून बघा. बहुतेक म्हणतील, "कायची बीप?" वय वाढतं तसं वरच्या पट्टीतलं ऐकणं कमी होत जातं. तरुण आणि धडधाकट कानाच्या माणसाचीही हद्द २० हजार हर्ट्झच्या आसपास संपते.

चौथी बीप मी वाजवलीच नाही. ती आहे १ लाख ५० हजार हर्ट्झची. तुमच्या फोनच्या स्पीकरमधून ती निघणार नाही, माझ्या माइकमध्ये शिरणार नाही, आणि शिरली तरी एमपी३मध्ये टिकणार नाही. पण जगात एक किडा आहे, जो जोडीदारिणीला याच पट्टीत हाक मारतो. आणि हळू आवाजात नाही. १५ सेंटीमीटरवरून मोजलं तर ११० डेसिबलच्या वर. लग्नाच्या वरातीत डीजेच्या भिंतीला खेटून उभं राहिल्यावर कानाला जे होतं, साधारण त्या घरातला आकडा आहे हा. बोंबलतोय अक्षरशः. आणि २०१४ सालापर्यंत विज्ञानाच्या यादीत त्याचं नाव नव्हतं. त्याचंच नाही, त्याच्या जीनसचंही नव्हतं.

एक खुलासा आत्ताच करून टाकतो, नाहीतर पुढे गोंधळ होईल. मराठी विश्वकोशात "प्रजाती" म्हणजे जीनस आणि "जाती" म्हणजे स्पीशीज. पेपरात मात्र स्पीशीजलाच प्रजाती म्हणतात. त्यामुळे "नवीन प्रजाती सापडली" ही बातमी वाचून नक्की काय सापडलं तेच कळत नाही. मी आज सरळ जीनस आणि स्पीशीज असेच शब्द वापरणार आहे. भाषाशुद्धीवाल्यांनी माफ करावं.

०३:४० – हा नाकतोडा कोणता?

सप्टेंबर-ऑक्टोबरात आपल्या वाशिमकडे सोयाबीन पिवळं पडायला लागतं, तेव्हा रात्री ओसरीवरच्या दिव्याखाली एक हिरवा, सडपातळ किडा येऊन बसतो. मागचे पाय लांबलचक, पंख अगदी पानासारखे. लोक त्याला नाकतोडा म्हणतात, आणि शेतात दिवसा टणाटण उड्या मारणाऱ्या टोळालाही नाकतोडाच म्हणतात. हे दोघं तसे लांबचे नातेवाईक. फरक ओळखायचा तर मिशा बघा. टोळाच्या मिशा आखूड आणि जाड असतात. याच्या मिशा केसासारख्या बारीक, आणि बऱ्याचदा अख्ख्या अंगापेक्षा लांब. हा लांब मिशांचा गट म्हणजे बुश क्रिकेट किंवा कॅटीडिड. जगात यांच्या ८ हजारांहून जास्त स्पीशीज नोंदलेल्या आहेत. नात्याने हे टोळापेक्षा रातकिड्याच्या जवळचे.

मादीच्या मागे तलवारीसारखं काहीतरी असतं. पोरं ती नांगी समजून घाबरतात. ती अंडी घालायची नळी आहे, चावत-डसत काही नाही. आणि कान कुठे असतात माहितीये? पुढच्या पायांवर, गुडघ्याच्या जरा खाली. म्हणजे हा किडा अक्षरशः पायाने ऐकतो.

आता खाणं. बरेचसे कॅटीडिड पानं, फुलं, बिया खातात. मध्ये एखादा मावा किंवा अळी मिळाली तर तीही खातात. पण काही शाखा पक्क्या शिकारी आहेत. त्यांच्या पुढच्या आणि मधल्या पायांवर आतल्या बाजूला काट्यांची रांग असते. भक्ष्याला मिठी मारली की ती त्या काट्यांच्या पिंजऱ्यात अडकते. साधारण प्रार्थनाकीटकाचंच तंत्र, फक्त वेगळ्या घराण्यात आलेलं. हेक्सासेंट्रस नावाचा असा एक शिकारी जीनस आशियात आहे, भारतातही आहे. युरोपात सागा पेडो म्हणून एक दांडगी शिकारी आहे. तिच्यात नर नसतातच म्हटलं तरी चालेल, माद्या नराशिवायच अंडी घालतात आणि त्यातून पुन्हा माद्याच निघतात.

माझा लाडका मात्र ऑस्ट्रेलियातला क्लोरोबॅलिअस. तिकडच्या सिकाडांमध्ये नर गातो, आणि मादी ठरलेल्या क्षणी पंख फडकवून "टिक" असं उत्तर देते. हा नाकतोडा झाडीत बसून नराचं गाणं ऐकतो आणि बरोबर त्या क्षणाला मादीसारखं "टिक" करतो. नर आनंदाने जवळ येतो, आणि जेवण होतो. मार्शल आणि हिल या दोघांनी २००९ साली हे प्रसिद्ध केलं. ज्यांच्या गाण्याची आधी कधी गाठ पडलेली नाही अशा सिकाडांनाही तो उत्तर देऊ शकतो, हे त्यातलं सगळ्यात भारी. आमच्या क्षेत्रात याला फिशिंग अटॅक म्हणतात. ओटीपी मागणारे लोक यापेक्षा वेगळं काय करतात?

०७:१५ – तर सुपरसोनस

कोलंबिया आणि इक्वाडोर. दक्षिण अमेरिकेचा पश्चिम किनारा, दमट जंगल. तिथून आलेल्या तीन शिकारी नाकतोड्यांवर २०१४ च्या जूनमध्ये प्लॉस वन या जर्नलमध्ये पेपर आला. फाबिओ सारिया, ग्लेन मॉरिस, जेम्स विंडमिल, जोसेफ जॅक्सन आणि फर्नांडो मोंतेआलेग्रे हे पाच लेखक. या पेपरात त्यांनी सुपरसोनस हा नवा जीनस मांडला. सुपर म्हणजे वरचा, सोनस म्हणजे आवाज. लॅटिन आहे, पण आपल्याला सरळ कळतं.

त्यात तीन स्पीशीज: सुपरसोनस एक्वोरियस, सुपरसोनस पिअर्सी, सुपरसोनस अंड्युलस. तिघांची हाक ११५, १२५ आणि १५० किलोहर्ट्झवर. १५०चा विक्रम एक्वोरियसचा. एरवी कॅटीडिड साधारण ५ ते ३० किलोहर्ट्झमध्ये गातात. पेपर आला तेव्हा संधिपाद प्राण्यांमध्ये, म्हणजे किडे, कोळी, विंचू, खेकडे या अख्ख्या जगात, जोडीदाराला मारलेली यापेक्षा उंच पट्टीची हाक कुणी नोंदवलेली नव्हती.

इथे इंजिनिअर माणसाला पहिला प्रश्न पडतो तो हार्डवेअरचा. आवाज निघतो कसा? कॅटीडिडच्या डाव्या पंखाच्या खालच्या बाजूला एक दातेरी शीर असते, कानशीसारखी. उजव्या पंखाला एक कड असते. पंख मिटताना ती कड दातांवरून घासत जाते, पंख थरथरतो, आवाज होतो. कंगव्याच्या दातांवरून नख फिरवा, तेच. रातकिडा पण असंच करतो, फक्त त्याचा उजवा पंख वर असतो आणि याचा डावा.

सुपरसोनसच्या नराचे पंख बघायला गेलात तर दिसतच नाहीत. पुढच्या पंखाचं क्षेत्रफळ अर्ध्या चौरस मिलिमीटरपेक्षा कमी. खसखशीचा दाणा आठवा. उडण्याचा प्रश्नच नाही. पंख आता फक्त वाद्य म्हणून उरलेत.

लहान वाद्य उंच पट्टीत वाजतं हे ठीक आहे. तबला आणि डग्गा शेजारी ठेवले की दिसतंच. पण लहान वाद्य मोठ्याने कसं वाजेल? इथे जरा आकडेमोड करू. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. ५ हजार हर्ट्झला भागलं की एका लाटेची लांबी सुमारे ७ सेंटीमीटर. खसखशीएवढ्या पंखाने ७ सेंटीमीटरची लाट हलवायची म्हणजे चमच्याने विहीर घुसळण्यासारखं. पण १ लाख ५० हजाराला भागा. लाट फक्त २.३ मिलिमीटरची. आता पंख आणि लाट यांच्या मापात फार अंतर राहत नाही. म्हणजे पंख आक्रसत गेले आणि पट्टी वर गेली, हे एकाच हिशोबाचे दोन भाग आहेत.

तेवढ्याने ११० डेसिबल होत नाहीत. पेपरातला सगळ्यात देखणा भाग पुढे आहे. त्यांनी पंखांवर लेझर टाकून थरथर मोजली. डावा पंख फक्त कानस म्हणून काम करतो, त्याच्यातून सांगण्यासारखा आवाज निघत नाही. आवाज टाकतो तो उजवा पंख एकटा. हा उजवा पंख वाटीसारखा खोलगट आहे, आणि गाताना किडा तो पाठीवर अशा पद्धतीने धरतो की पंखाची वाटी आणि पाठ यांच्यामध्ये हवेची एक बंद खोली तयार होते. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की बाटली एकाच सुरात घुमते ना, तशी ही खोली एकाच सुरात घुमते. वर पंखाचा पातळ पडदा, खाली किड्याची पाठ. म्हणजे अर्धं वाद्य पंखात आहे आणि अर्धं खुद्द गवयाच्या अंगात.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा ऑफिसचा कॉल म्यूट करून बसलो होतो. पेपर फुकट आहे, कुणालाही फोनवर उघडता येतो. चित्रं नक्की बघा.

एवढ्या वर का गायचं, याचं उत्तर एवढं चकाचक नाही. इतका उंच आवाज हवेत फार लवकर विरतो, दर मीटरला कित्येक डेसिबलने पडत जातो. त्यामुळे तो लांबच्या कानांपर्यंत पोचत नाही. शिकारी वटवाघळं नाकतोड्याच्या गाण्यावरून त्याला हुडकतात, हे माहिती आहे. कर्नाटकात अशा वटवाघळांवर चांगला अभ्यास झालाय. मग जवळच्या मादीला ऐकू जावं आणि दूरच्या शत्रूला नाही, असा हा हिशोब असू शकतो. पण हा अंदाज आहे, आणि अंदाज म्हणूनच धरा.

१२:०५ – नाव द्यायचं म्हणजे काय करायचं

"शास्त्रज्ञांनी नवीन किडा शोधला" असं आपण म्हणतो. जंगलात किडा दिसणं हा त्यातला लहान भाग. खरं काम नाव देण्याचं, आणि त्याचे नियम एखाद्या प्रोग्रामिंग लँग्वेजच्या स्पेसिफिकेशनइतके किचकट आहेत. प्राण्यांच्या नावांची आंतरराष्ट्रीय संहिता आहे, तिच्याप्रमाणे चालावं लागतं.

प्रत्येक स्पीशीजसाठी एक नमुना ठरवायचा, त्याला होलोटाइप म्हणतात. टाचणी टोचलेला, चिठ्ठी लावलेला, संग्रहालयात ठेवलेला एकच किडा. उद्या वाद झाला की "हे नाव नक्की कुणाचं?" याचं उत्तर त्या एका किड्याकडे बोट दाखवून द्यायचं. वर्णन चुकीचं असू शकतं, फोटो फसवू शकतो. होलोटाइप तिथेच असतो. जीनससाठी तसाच एक टाइप स्पीशीज ठरवावा लागतो. १९३० नंतर त्याशिवाय जीनसचं नाव ग्राह्यच धरत नाहीत. आणि फक्त ऑनलाइन निघणाऱ्या जर्नलमधलं नाव २०१२ च्या आधी चालत नसे. आता चालतं, पण झूबँक नावाच्या रजिस्टरमध्ये नोंदवून.

व्याकरणही बघावं लागतं बरं का. सुपरसोनस हा शब्द पुल्लिंगी, म्हणून एक्वोरियस आणि अंड्युलस ही विशेषणंही पुल्लिंगी. पिअर्सीमधला शेवटचा "ई" म्हणजे "पिअर्सचा", माणसाच्या नावावरून. आपल्याकडचं उदाहरण घ्या: २०२१ साली ठाणे-मुंबई भागातल्या एका उड्या मारणाऱ्या कोळ्याला आयसियस तुकारामी नाव दिलं, २६/११ला कसाबला धरून ठेवणाऱ्या तुकाराम ओंबळे यांच्यावरून. तोच "ई".

पण हा कोळी आयसियस या जुन्याच जीनसमध्ये बसला. नवीन जीनस कधी करायचा? किती फरक असला की पुरे? तर याला मोजपट्टी नाही. अमुक इतके टक्के फरक असा नियमच नाही. "हे सगळे एकाच पूर्वजाचे आणि बाकीच्यांपासून वेगळे" असा तो दावा असतो, आणि पुराव्याने सिद्ध करावा लागतो. आमच्या भाषेत सांगायचं तर नवीन स्पीशीज म्हणजे फोल्डरमध्ये एक नवीन फाइल. नवीन जीनस म्हणजे फोल्डरच नवीन, आणि त्यासाठी कधीकधी जुन्या फाइली हलवाव्या लागतात.

हलवण्याचं उदाहरण महाराष्ट्रातच आहे. कोयना भागातला एक भेक १९६३ साली बुफो या मोठ्या जीनसमध्ये नोंदवला होता. बुफो हे त्या काळी भेकांचं गोडाऊनच होतं, कुणीही टाका त्यात. २००९ साली एस. डी. बिजू आणि सहकाऱ्यांनी, त्यात आपले वरद गिरीही होते, डीएनए आणि शरीररचना तपासून झँथोफ्राइन असा नवा जीनस केला. आंबोलीचा नवीन भेक त्यात टाकला, आणि कोयनेचा जुना भेक उचलून त्याच्या शेजारी ठेवला. बेडूक तिथेच होता, पत्ता बदलला. मग २०२१ साली त्याच आंबोलीतून अर्ध्या शंखाच्या गोगलगायीचा एक नवा जीनस आला; म्हणजे शंख इतका छोटा की अंग आत मावतच नाही. त्याचं नाव वराडिया. कुणावरून, ते ओळखलंच असेल. एकेकाळी दुसऱ्याला जीनसचं नाव देणारा माणूस बारा वर्षांनी स्वतः जीनस झाला.

सुपरसोनसच्या बाबतीत शरीररचना तर होतीच: पंख, पाय, नराच्या मागच्या टोकाचे अवयव. त्याच्यासोबत गाणंही पुरावा म्हणून आलं. आणि गाण्याचा पुरावा किती कामाचा असतो, हे भारतातल्याच एका नाकतोड्याने दाखवलंय. मेकोपोडा म्हणून एक मोठा कॅटीडिड दक्षिण भारतात सर्रास आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत रोहिणी बालकृष्णन यांच्या प्रयोगशाळेतून २००६ साली आलेल्या पेपरात दाखवलं की बाहेरून वेगळे ओळखूच येत नाहीत असे मेकोपोडा पाच वेगवेगळ्या तऱ्हेची गाणी गातात. कुणी चिर्र-चिर्र करतो, कुणी सलग किर्र लावतो, एकाचं गाणं तर हेलिकॉप्टरसारखं. डोळ्यांनी एक दिसतो, कानांनी पाच. अजून एक: गाणी कानाला ऐकू येत होती, म्हणून हे सापडलं.

१६:५० – मग न ऐकू येणाऱ्यांचं काय?

किड्यांची यादी आपण दिसण्यावरून आणि ऐकण्यावरून करतो. रस्ता, धरण, खाण, काहीही आखायचं तर आधी "इथे काय काय राहतं" अशी यादी मागतात. जे यादीत नाही, त्याच्यासाठी कुणी पूल बांधत नाही आणि झाड सोडत नाही. सुपरसोनससारखा प्राणी तुमच्या डोक्याशेजारच्या फांदीवर ११० डेसिबलने ओरडत असला, तरी तुम्ही वहीत लिहिणार, "रात्री शांतता होती." आणि ते खोटंही नसणार.

आपल्याकडे या गटावर काम किती? एक गोष्ट सांगतो, त्यावरून अंदाज येईल. इंग्रजांच्या काळात सुरू झालेल्या भारतीय प्राण्यांच्या मोठ्या ग्रंथमालेत टोळांचा खंड कर्बी यांनी १९१४ साली केला. रातकिड्यांचा खंड शोपार यांनी केला, तो १९६९ साली आला. या दोन्ही खंडांत लांब मिशांचे नाकतोडे नाहीत. घरात दोन भावांचे फोटो आहेत, तिसऱ्याचा नाही, असं काहीसं.

मी हे सगळं घरी रंगवून सांगत होतो तेव्हा आमच्या काकांनी तूर निवडता निवडता विचारलं, "हे सारं ठीक हाय बाप्पा, पण याचा आपल्याले उपेग काय?" प्रश्न रास्त आहे. शिकारी नाकतोडे शेतातली कीड खातात, म्हणून वाचवा, असं मी म्हणू शकलो असतो. पण ते किती खातात, कोणती खातात, वाशिमच्या सोयाबीनमध्ये त्याने फरक पडतो का, याचा आकडा हातात नसताना मी ते म्हणणार नाही. फवारणी केली की अळीबरोबर अळी खाणारेही मरतात, एवढं मात्र काकांना माझ्यापेक्षा जास्त माहिती आहे. मी त्यांना दुसरंच सांगितलं. याच मोंतेआलेग्रेंच्या टीमने २०१२ साली सायन्स जर्नलमध्ये कोपिफोरा गॉर्गोनेन्सिस नावाच्या नाकतोड्याच्या कानावर पेपर केला. गॉर्गोना हे कोलंबियाजवळचं समुद्रातलं बेट, पूर्वी तिथे तुरुंग होता. त्या नाकतोड्याच्या पायातल्या कानात आपल्या कानासारख्याच तीन पायऱ्या निघाल्या: आवाज पकडणारा पडदा, जोर बदलून देणारी तरफ, आणि द्रव भरलेली पिशवी, जिथे वेगवेगळे सूर वेगवेगळ्या जागी ओळखले जातात. आपला हा सेटअप कवटीत किती जागा खातो, आणि त्याचा मिलिमीटरहून लहान. छोटे माइक, ऐकण्याची यंत्रं बनवणाऱ्यांना हे बघावंसं वाटणारच. काका म्हणाले, "मंग माह्या कानाले मशीन कवा येते ते सांग." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

१९:३० – फोन का ऐकत नाही, आणि काय ऐकू शकेल

आता माझ्या धंद्यातलं. डिजिटल रेकॉर्डिंग म्हणजे आवाजाचे सेकंदाला हजारो फोटो. किती फोटो काढले, त्याच्या निम्म्या पट्टीपर्यंतचाच आवाज पकडता येतो. हा नायक्विस्टचा नियम, इंजिनिअरिंगला ज्यांनी पाठ केला असेल त्यांना आता त्याचा अर्थ कळेल. फोन साधारणपणे सेकंदाला ४४ हजार १०० किंवा ४८ हजार नमुने घेतो. निम्मे करा: २२ किंवा २४ किलोहर्ट्झ. माणसाच्या कानासाठी तेवढं पुरतं, म्हणून तेवढंच ठेवलंय. १५० किलोहर्ट्झ पकडायचे तर सेकंदाला ३ लाखांहून जास्त नमुने लागतील, शिवाय माइकही तेवढा तल्लख हवा.

म्हणजे आपल्या खिशातलं यंत्रही माणसाच्याच मापाचं शिवलेलं आहे. वटवाघळांच्या बाबतीतही हेच झालं होतं. १९३८ साली हार्वर्डमध्ये ग्रिफिन नावाच्या विद्यार्थ्याने पिअर्स या भौतिकशास्त्रज्ञाच्या यंत्रासमोर वटवाघळं नेली. पिअर्स ते यंत्र किड्यांच्या आवाजासाठी वापरत असे. ज्यांना सगळे मुके समजत होते ती वटवाघळं त्या यंत्राला बडबडताना सापडली.

आज परिस्थिती बरी आहे. ऑडिओमॉथ नावाचं काडेपेटीपेक्षा थोडं मोठं एक ओपन सोर्स रेकॉर्डर मिळतं; ते सेकंदाला ३ लाख ८४ हजार नमुने घेऊ शकतं, आणि चांगल्या फोनपेक्षा कितीतरी स्वस्त पडतं. एखाद्या कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागाने दोन घेतली आणि पावसाळ्यानंतर एकबुर्जी धरणाच्या काठाला, काटेपूर्णेच्या उगमाकडच्या टेकड्यांत, एखाद्या सोयाबीनच्या बांधावर रात्रभर ठेवली, तर काय येईल? सुपरसोनस येणार नाही, तो तिकडचा आहे. वटवाघळं भरपूर येतील. आणि २५ ते ५० किलोहर्ट्झच्या मध्ये ठरावीक अंतराने उभ्या रेघा आल्या, तर रांगेत उभं राहून बघावं असं काहीतरी मिळेल. कारंजा-सोहोळ अभयारण्यात करायचं असेल तर वनविभागाची लेखी परवानगी लागते. काळवीट बघायला जाणं वेगळं आणि यंत्र लावणं वेगळं. आणि खरंच नवीन काही सापडलं, तर २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे त्याचा नमुना सरकारने नेमलेल्या संस्थेकडे जमा करावा लागतो. झूलॉजिकल सर्व्हे त्यातली एक. त्यांचं पश्चिम विभागाचं केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे.

यंत्र नसेल तरी फोनवर २० किलोहर्ट्झच्या खालचं बरंच काही होतं. रात्री आठनंतर, वारा पडल्यावर, बांधावर फोन ठेवा आणि पाच मिनिटं लांब जा. सेटिंगमध्ये ४८ हजार सॅम्पल रेट आणि वेव्ह फॉरमॅट निवडा. मग ऑडॅसिटीमध्ये फाइल उघडून स्पेक्ट्रोग्राम लावा. आडवी पट्टी म्हणजे रातकिडा असायची शक्यता जास्त, तुटक तुटक उभे ठिपके म्हणजे बहुतेक कॅटीडिड. पट्टा वरच्या कडेला जाऊन कापल्यासारखा दिसला, तर समजायचं की गाणं अजून वर चालू आहे आणि फोनचं छप्पर संपलंय. किडा दिसला तर मिशा, पायावरचे काटे आणि मागची नळी, तिन्ही दिसतील असे फोटो काढा. मारू नका, बाटलीत भरू नका.

पाठवायचं असेल तर फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा, व्हॉइस नोट नको. व्हॉइस नोटमध्ये वरच्या पट्टीतलं सगळं कापून टाकतात. आपण बोललेलं तेवढं शिल्लक राहतं आणि ज्याच्यासाठी रात्री बांधावर गेलात तो गायब. सोबत गाव, तारीख, वेळ आणि शेतात पीक कोणतं होतं ते लिहा. रिसोड-मालेगावकडच्या मंडळींनी सोयाबीन सोंगायच्या आधी केलं तर बरं. सोंगणी झाली की हे सगळे धुऱ्यावरच्या गवतात सरकतात, आणि तिथे त्यांना शोधायला बऱ्यापैकी चिखल तुडवावा लागतो.